चालत्या गाडीचा आधार

आमच्या पारोळ्यावरून जाणारा मोठा रस्ता पूर्वीं सहाव्या क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग म्हणून सर्वांस ठाऊक होता. २०१० सालच्या नव्या क्रमवारींत त्यास ५३ हा क्रमांक मिळाला. क्रमांक बदलला, पण वाहतूक कांहीं कमी झाली नाहीं. उलट गाड्या वाढल्या आणि त्यांचा वेगही वाढला. गुजराथेंतून निघालेल्या मालमोटारी धुळें मागें टाकून पारोळा, एरंडोल, जळगांव करीत विदर्भाकडे जातात, आणि त्यांच्याच कडेनें आमच्या तालुक्यांतील मुलें सायकलीवर दप्तर बांधून शाळेची वाट धरतात. त्यांतील कांहींजण, विशेषेंकरून वरच्या इयत्तांतील मुलगे, शेजारून सावकाश जाणाऱ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीस किंवा मालमोटारीच्या फळीस हात घालतात व पायडल न मारतां दोन-दोन किलोमीटर ओढले जातात. हा प्रकार आम्ही ज्येष्ठ मंडळी पाहतों, क्षणभर हळहळतों आणि आपापल्या कामास लागतों. ह्या हळहळीनें कोणाचाही जीव वांचणार नाहीं, म्हणून हा लेख लिहीत आहों.

मुलांचा युक्तिवाद ठरलेला आहे. ट्रॅक्टर तो धांवून धांवून किती धांवणार, आणि भय वाटलें तर हात सोडला कीं झालें! हा युक्तिवाद जरा गणिताच्या वर्गांत नेऊन पाहूं. ताशीं पंचवीस किलोमीटर ही कांहीं मोठी चाल नव्हे. तथापि त्या चालीनें वाहन एका सेकंदांत सुमारें सात मीटर पुढें जातें. संकट दिसल्यापासून हातपाय हलूं लागेपर्यंत माणसाचा एक सेकंद सहज निघून जातो. पुढच्या गाडीवाल्यानें अकस्मात् ब्रेक दाबला तर त्या सेकंदांत गाडी थोडकीच पुढें सरकेल. सायकल मात्र पहिल्याच वेगानें सातही मीटर जाऊं पाहील. आणि दोहोंमध्यें अंतर तें किती? एका हाताच्या लांबीएवढें! मालमोटार ताशीं चाळीस किलोमीटर चालत असेल तर सातांचे अकरा मीटर होतात. हाताची लांबी मात्र वाढत नाहीं.

शिवाय ब्रेक लावावयाचा तो कशानें? गाडीच्या डाव्या अंगास असलेला सायकलस्वार तिला उजव्या हातानें धरतो. आपल्याकडील सायकलींत पुढच्या चाकाचा ब्रेक बहुधा उजव्या मुठीखालीं असतो, आणि वेग आंवरण्याचें मुख्य काम त्याच ब्रेकाचें. म्हणजे जो हात सर्वांत उपयोगाचा, तोच गुंतलेला. सायकलीचा तोल हा देखील हँडल क्षणोक्षणीं किंचित् इकडे तिकडे वळवूनच राखला जातो. एका बाजूनें ओढ लागली कीं ही मोकळीक नाहींशी होते आणि स्वार गाडीकडेच खेंचला जातो. हात सोडावा तर सायकल एकदम हेलकावते, न सोडावा तर चाक जवळ येतें. “हात सोडला कीं झालें” असें म्हणणाऱ्यांनीं ह्याचा विचार केलेला दिसत नाहीं.

आणखी एक गोष्ट पुष्कळ वडील मंडळींसही ठाऊक नसते. लांब गाडी डावीकडे वळते तेव्हां तिचीं मागचीं चाकें पुढच्या चाकांच्या मार्गानें जात नाहींत, तीं आंतल्या अंगानें वळण कापतात. डाव्या बाजूस जी जागा क्षणापूर्वीं मोकळी होती ती पाहतां पाहतां मिटते. त्याच बाजूस, गाडीच्या अगदीं लगत, चालकास आरशांतही न दिसणारी जागा असते. मागें लटकलेल्या मुलाची अवस्था निराळी, पण बरी नव्हे. रस्त्यांतील खड्डा ट्रॉलीच्या दोन चाकांमधून निघून जातो. पुढें ट्रॉलीची फळी असल्यामुळें मुलास तो दिसतच नाहीं, आणि दिसतो तेव्हां सायकलीचें पुढचें चाक त्यांत गेलेलें असतें.

कायद्याविषयीं बोलावयाचें तर तो अगदीं स्पष्ट आहे. महाराष्ट्र मोटार वाहन नियम, १९८९ ह्यांत, चालत्या मोटारवाहनास ओढून नेलें जाण्याच्या हेतूनें धरूं नये, असा निर्बंध आहे. आणि तो केवळ धरणाऱ्यावर नाहीं. चालकानेंही कोणास तसें धरूं देतां कामा नये, असें तोच नियम सांगतो. विलायतेंतील १९८८ च्या रस्ता-वाहतूक कायद्यानेंही हें कृत्य गुन्हा ठरविलें आहे. त्याशिवाय १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या २८१ व्या कलमान्वयें, सार्वजनिक रस्त्यावर दुसऱ्याच्या जीवितास धोका पोंचेल अशा बेदरकारपणें वाहन हांकणारास सहा महिन्यांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊं शकतात. मूल मागें लोंबत आहे हें जाणूनही जो गाडी दामटतो, त्यानें हें कलम एकदां वाचून घ्यावें.

आमचें मत स्पष्ट सांगावयाचें तर, ह्या बाबतींत चालकाचा दोष मुलाच्या दोषाहून कमी नाहीं. पुष्कळ चालक दुष्ट नसतात. उन्हांतान्हांत पोर दमलें आहे, धरूं दे बापडें, अशी त्यांची समजूत असते. ती दया खरीच असेल, पण खऱ्या दयेस गाडी थांबवावी लागते. एखादें दप्तर चालकाजवळ ठेवून घेणें निराळें आणि जिवंत मूल साखळीस लोंबूं देणें निराळें.

कित्येक मुलांस ह्यांत पराक्रम वाटतो. त्यांना सायकलीच्या शर्यतींचा इतिहास सांगितला पाहिजे. फ्रान्स देशाची सायकलनें प्रदक्षिणा करण्याची सुप्रसिद्ध शर्यत १९०३ सालीं सुरू झाली. दुसऱ्याच वर्षीं पहिल्या चारही क्रमांकांचे स्वार गैरप्रकारांमुळें बाद झाले, व विशीही न गांठलेल्या आंरी कॉर्ने ह्यास विजयपद मिळालें. त्या वर्षींच्या तक्रारींत मोटारीचें व आगगाडीचें साह्य घेतल्याच्या तक्रारी होत्या. पुढें २०१४ सालीं तीच शर्यत जिंकणारा इटलीचा व्हिंचेन्झो निबाली २०१५ सालीं स्पेनच्या शर्यतींत आपल्या संघाच्या मोटारीस धरून पुढें गेला, तेव्हां दुसऱ्या टप्प्यानंतरच त्यास घरीं जावें लागलें. ज्यांचा धंदाच सायकल चालविणें, त्यांच्यांत ह्या कृत्यास पराक्रम म्हणत नाहींत, लबाडी म्हणतात.

तरीपण सर्व दोष मुलांच्या माथीं मारून मोकळें होणें आम्हांस मान्य नाहीं. खानदेशचा उन्हाळा ज्यानें सोसला आहे त्यास, एप्रिल महिन्यांत समोरून तप्त वारा येत असतां सहा-सात किलोमीटर सायकल रेटणें म्हणजे काय, हें सांगावयास नको. सायकल बहुधा थोरल्या भावाची, मुलाच्या उंचीस मोठी. साखळीस तेल नाहीं, चाकांत हवा निम्मी, आणि ब्रेकाचीं रबरें झिजून केवळ लोखंड उरलेलें. अशी सायकल घेऊन निघालेल्या मुलास शेजारून जाणारी ट्रॉली देवानेंच धाडलीसें वाटलें तर नवल कसलें? महिन्यांतून एकदां साखळीस तेल व दोनदां हवा, एवढा खर्च कोणत्याही घरास झेपण्यासारखा आहे. अंतर फारच असेल तर एस. टी. आहे: बारावीपर्यंतच्या मुलींस अहिल्याबाई होळकर योजनेंतून प्रवास विनामूल्य आहे, व मुलांस सवलतीचा पास मिळतो. गाडी वेळेवर येत नाहीं ही तक्रार खरी. ती आगारांत लेखी द्यावी. आणि मुलास घरांतून पंधरा मिनिटें आधीं सोडावें. उशीर झाल्याची भीति हें ट्रॉली धरण्याचें मोठें कारण आहे, हें शिक्षकांनींही ध्यानांत घेतलें पाहिजे. उशिरा पण धडपणीं आलेल्या मुलास दाराबाहेर उभें करण्यापूर्वीं तो कसा आला, एवढें तरी विचारावें.

२०२२ सालीं आपल्या देशांत रस्त्यांवरील ४,६१,३१२ अपघातांत १,६८,४९१ माणसें मेलीं, असें सरकारचें प्रकाशन सांगतें. त्यांतील कित्येकांजवळून लोक केवळ पोलिसांच्या भयानें निघून गेले असतील. प्रार्थनेच्या वेळीं आम्ही ज्या चांगल्या शोमरोन्याची गोष्ट ऐकतों, त्याचेंच नांव आतां कायद्यांतही आलें आहे. २०१९ च्या दुरुस्तीनें मोटार वाहन कायद्यांत घातलेलें १३४-अ हें कलम जखमीस सद्भावानें मदत करणाऱ्यास संरक्षण देतें. रस्त्यावर मूल पडलेलें दिसल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. कोर्टाच्या फेऱ्यांची धास्ती बाळगूं नये.

दिवाळीच्या सुमारास कापसाचा हंगाम सुरू होईल. त्या दिवसांत ट्रॉलींत कापूस असा ठांसून भरतात कीं तो चहूं बाजूंनीं फुगून बाहेर येतो, आणि मागें कोण आहे हें चालकास मुळींच दिसत नाहीं. आमच्या पालकांत शेतकरी पुष्कळ आहेत, ट्रॅक्टर बाळगणारेही आहेत. त्यांनीं आपापल्या चालकास पहिली खेप निघण्यापूर्वींच बजावून ठेवावें, कीं ट्रॉलीस पोरानें हात लावला तर गाडी हळूहळू कडेला घेऊन उभी करावयाची, आणि पोर दूर झाल्यावांचून हलवावयाची नाहीं.