ज्याचा जाणकार गावात, तेच लिनक्स

नांदेडच्या विष्णुपुरीत अभियांत्रिकीची पोरं चहाला बसली की ‘कोणतं लिनक्स भारी’ हा वाद निघतोच. आर्चवाला उबंटूवाल्याला बाळबोध ठरवतो, फेडोरावाला दोघांनाही हिणवतो. इतके दिवस ही करमणूक होती. पण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित पाठिंबा संपला आणि तोच प्रश्न लातूरचा क्लासवाला, मोंढ्यातला आडत्या, शाळेतला लिपिक विचारू लागला. त्यांची यंत्रं धडधाकट आहेत. पण विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि साधारण आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा इंटेल प्रोसेसर लागतो. एवढ्यासाठी चालतं यंत्र भंगारात कोण टाकणार? म्हणून विचारणा होते, ‘लिनक्स टाकावं म्हणतो, पण कोणतं?’ आणि उत्तरं मिळतात ती चहाच्या टपरीवरची.

पहिलं उत्तर: सगळ्यात नवं ते सगळ्यात चांगलं. फेडोराची नवी आवृत्ती साधारण सहा महिन्यांनी येते आणि प्रत्येक आवृत्ती जेमतेम तेरा महिने सांभाळली जाते. आर्चला तर आवृत्तीच नाही, अद्ययावत करणं अखंड चालू. शिकणाऱ्या पोराला यासारखा गुरू नाही, हे मान्य. पण क्लासच्या ऑफिसातलं यंत्र चार-सहा महिने कपाटात राहिलं आणि ऐन जूनमध्ये, प्रवेशाच्या गर्दीत उघडलं, तर आर्च आधी सॉफ्टवेअर पडताळायच्या सह्यांच्या किल्ल्या जुन्या झाल्या म्हणून अडून बसतं. त्या किल्ल्या आधी नव्या करायच्या असतात, हे पोराला ठाऊक असतं. पावती फाडणाऱ्या ताईंना ते ठाऊक असण्याचं कारण काय?

दुसरं उत्तर याच्या नेमकं उलट: सगळी एकच आहेत, काहीही टाका. यात निम्मं खरं आहे, आणि ते निम्मं टपरीवर कोणी सांगत नाही. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्सने सुरू केलेला कर्नल सगळ्यांच्या पोटात तोच. फायरफॉक्स तोच, लिबरऑफिस तेच. मराठीचंच बघा. इन्स्क्रिप्टवर शिफ्ट दाबून जे, मग डी, मग तिरपी रेघ, असं करून ‘ऱ्य’ उमटवा. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतला चंद्रकोरीसारखा रफार नीट बसला की मराठीची मोठी परीक्षा पार पडली. हा रफार जुळवण्याचं काम हार्फबझ नावाचं लायब्ररीवजा सॉफ्टवेअर करतं आणि ते डेबियनमध्ये आहे, फेडोरातही आहे. तेव्हा ‘अमुक लिनक्सवर मराठी चांगलं दिसतं’ ही बढाई बहुधा फाँटची असते, लिनक्सची नसते.

मग फरक कशात? किती दिवस सांभाळणार आणि दिलेला शब्द पाळणार का, यात. सेंटओएसची गोष्ट आठवा. कॉलेजांचे आणि होस्टिंगवाल्यांचे सर्व्हर त्यावर निश्चिंत चालत होते. सेंटओएस ८ ची मुदत २०२९ पर्यंत सांगितली होती. डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं की २०२१ संपताच ती बंद. सेंटओएस चालवणाऱ्या रेड हॅट कंपनीच्या धंद्याच्या हिशेबात ते बसत असेल. ज्यांनी मुदत बघून सर्व्हर उभे केले त्यांच्या हिशेबात बसलं नाही. २०२१ मध्येच अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स पुढे आले हे खरं, पण स्थलांतराचा खटाटोप वापरणाऱ्यांच्याच माथी आला. ‘काहीही टाका’ म्हणणाऱ्याने एवढं तरी लक्षात ठेवावं.

तिसरं उत्तर देशाभिमानाचं: आपलं बॉस लिनक्स टाका. सी-डॅक या सरकारी संस्थेने ते २००७ मध्ये आणलं, भारतीय भाषांसाठी मेहनतही घेतली. पण बॉसच्या पोटात डेबियन आहे. २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयाच्या ज्या ‘माया’ प्रणालीचा गाजावाजा झाला, ती उबंटूवर बेतलेली, आणि उबंटू स्वतः डेबियनमधून निघालेलं. केरळने सरकारी शाळांसाठी तयार केलेलं लिनक्सही उबंटूवरच उभं. यात कमीपणा काही नाही. उलट यातूनच माझा मुद्दा निघतो. आपल्या देशात सरकारी पातळीवर जे जे उभं राहिलं, त्यातलं ठळक ते एकाच घराण्यातलं आहे. डिस्ट्रोंची, म्हणजे लिनक्सच्या या निरनिराळ्या अवतारांची, भांडणं चालू असताना निवाडा बहुतेक होऊनही गेला.

खंडन झालं, आता मंडन. मोटरसायकल घेताना आपण कागदावरची ताकद बघत नाही. पार्ट कुठे मिळतात आणि हात लावणारा मिस्त्री जवळ आहे का, हे विचारतो. संगणकालाही तीच कसोटी लावावी. डेबियनची नवी स्थिर आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते आणि तीन अधिक दोन अशी पाच वर्षं सांभाळली जाते. ती कोण्या कंपनीची नाही, म्हणून सेंटओएससारखा एका कंपनीचा झटका तिथे बसणं अवघड. टेबलावरच्या यंत्रांना लिनक्स मिंट २२ ची हलकी एक्सएफसीई आवृत्ती द्या. ती उबंटू २४.०४ वर बेतलेली, २०२९ पर्यंत सांभाळली जाणारी. सर्व्हरला डेबियन, टेबलाला मिंट: सॉफ्टवेअर बसवायला दोन्हीकडे एपीटी, दोन्हीकडे डेब फाइल. जाणकार एकच पुरतो. केरळने नेमकं हेच साधलं: शाळांना एक लिनक्स, आणि ते शिकवायला घरचेच शिक्षक तयार. आपल्याकडे एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने २००१ पासून लाखोंना संगणकाची ओळख करून दिली, पण ती ओळख मुख्यतः विंडोजची. उणीव भरून काढायला आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्यूटोरिअलचे लिनक्सचे धडे मराठीतही आहेत. विद्यापीठाच्या आणि अभियांत्रिकीच्या पोरांनी ते घेऊन तालुक्यांना जावं. टपरीवरच्या वादापेक्षा बरं काम आहे ते.

‘पण पुण्यात नोकरी रेड हॅटवर मिळते!’ मिळते की. एपीटीऐवजी रेड हॅटचं डीएनएफ टाइप करायला एक दुपार पुरते. फाइलींचे हक्क, बॅश, एसएसएच, सिस्टमडी हे खरं शिकावं लागतं, आणि ते दोन्हीकडे सारखंच आहे.

आणि ‘लिनक्स कुठल्याही डबड्यावर पळतं’ हा समज तर पोरांनीच पसरवला. डेबियन १३ च्या नव्या स्थापनेसाठी साध्या ३२-बिट यंत्रांना आता जागा नाही. दोन जीबी रॅमवर एक्सएफसीई उठतं, पण ब्राउझरचे चार टॅब उघडले की धाप लागते. पहिला खर्च रॅमवर आणि एसएसडीवर करा, मग लिनक्सची परीक्षा घ्या.

प्रत्येक यंत्रावर लिनक्स टाका असंही मी म्हणणार नाही. ज्या छापखान्याचं काम श्रीलिपी आणि पेजमेकरमधल्या जुन्या फाइलींवर अडकलेलं आहे, त्याने ते यंत्र विंडोजवरच ठेवावं, हवं तर इंटरनेटपासून तोडून. सेवा केंद्रांत अंगठा घेणारी यंत्रंही बहुतेक विंडोज गृहीत धरून बसवलेली असतात. बाकीच्यांनी पेनड्राइव्हवरून मिंट नुसतं चालवून बघावं, काहीही न पुसता: वायफाय लागतं का, ‘ऱ्य’ उमटतो का, प्रिंटर छापतो का. झेरॉक्सच्या दुकानांत हमखास दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० असेल, तर त्याच्या लिनक्स ड्रायव्हरशी झुंजण्यात संध्याकाळ घालवू नका. छपाईपुरतं एक विंडोजचं यंत्र बाजूला ठेवा आणि उरलेल्यांवर मिंट चढवा.