बंदुकांची खुर्ची

मोझांबिकमधलं यादवी युद्ध १९९२ साली थांबलं. पुढे तिथल्या चर्चनी लोकांकडून शस्त्रं घेतली आणि बदल्यात शिवणयंत्रं, सायकली, अवजारं दिली. त्या मोडलेल्या बंदुका राजधानी मापुटोतल्या कलाकारांच्या हाती आल्या. केस्टर या शिल्पकाराने २००१ मध्ये त्यांची खुर्ची जोडली. ती आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. मला तेवढंच ओढतं शहराचं रोजचं जगणं: खच्चून भरलेल्या ‘शापा’ मिनीबस, पाठीवरचं बाळ सांभाळणारं कापुलानाचं रंगीत कापड, माराबेंटा या तिथल्या संगीताची नाचरी गिटार. या अंकात आधी तिथले चित्रकार मालंगताना यांची चित्रं पाहा. त्यांतल्या आकृतींच्या दाटीतले टक्क उघडे डोळे मला अजून सोडत नाहीत.