नोंद नसलेले मूल

इयत्ता तिसरीतील एका मुलाची आई मुख्याध्यापकांसमोर बसली होती. मुलगा स्वमग्न आहे. वर्गात गोंगाट वाढला की तो कान झाकून बाकाखाली शिरतो. गणिताची उदाहरणे मात्र मनातल्या मनात सोडवतो. आईचा प्रश्न साधा होता, "सर, याच्यासाठी विशेष शिक्षक कधी येणार?" मुख्याध्यापकांनी हजेरीपट बाजूला सारून उत्तर दिले, "ताई, आमच्या नोंदीत असं एकही मूल नाही. मग शिक्षक मागू कोणासाठी?"

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. प्रवेशाच्या वेळी अर्जातील दिव्यांगत्वाचा रकाना त्या घराने कोराच ठेवला होता. सासूबाईंनी तेव्हा सुनेला समजावले होते, "अगं, त्याच्या आत्याचं लग्न ठरायचंय. कागदावर काही नको. त्याचे वडीलही उशिराच बोलायला लागले होते." त्या बोलण्यात दुष्टावा नव्हता, भीती होती. ही भीती आपल्या समाजातील अनेक घरांच्या परिचयाची आहे.

विशेष शिक्षकांची उणीव खरीच आहे आणि त्याविषयी पालकांची तक्रारही रास्त आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये याविषयी निकाल दिला. त्यात प्राथमिक स्तरावर दहा विशेष गरजा असलेल्या मुलांमागे एक आणि त्यापुढील स्तरांवर पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण सांगितले गेले. तरीही राज्यांनी पदे भरली नाहीत, म्हणून मार्च २०२५ मध्ये न्यायालयाला पुन्हा आदेश द्यावे लागले. महाराष्ट्राने २०२४ मध्ये केंद्र स्तरावर एक याप्रमाणे ४८६० पदे निर्माण करण्यास मान्यता दिली. परंतु एका केंद्रात अनेक शाळा असतात. तेव्हा एका शिक्षकाचा आठवडा अनेक शाळांत वाटला जातो. जो शिक्षक प्रवास करून शाळेत पोहोचतो, त्याच्यावर राग काढून काही साधत नाही. प्रश्न पदांच्या संख्येचा आहे.

ही संख्या ठरते मुलांच्या गणनेवरून. शाळा दरवर्षी यू-डायस प्लसमध्ये विद्यार्थ्यांची माहिती भरते. त्यात दिव्यांग म्हणून ज्याची नोंद नाही, ते मूल दहाच्या हिशेबात धरलेच जात नाही. दहा घरांनी दहा मुले लपवली, तर कागदावर गरज शून्य दिसते. लपवलेल्या मुलाचे नुकसान तर होतेच, शिवाय शेजारच्या घरातील ज्या मुलाची नोंद आहे, त्याचाही शिक्षक दुरावतो.

नोंद केल्याने मूल शाळेतून काढले जाईल, अशी शंका पालकांना असते. कायदा याच्या नेमके उलट सांगतो. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात एकवीस प्रकारची दिव्यांगत्वे गणली असून स्वमग्नता त्यांपैकी एक आहे. शासनमान्य शाळांनी, मग त्या खाजगी असोत वा आपल्या संस्थांनी चालवलेल्या असोत, भेदभाव न करता प्रवेश द्यावा आणि मुलाच्या गरजेनुसार साहाय्य पुरवावे, असे कलम १६ सांगते. चाळीस टक्के वा त्याहून अधिक दिव्यांगत्व प्रमाणित असलेल्या मुलांना सहा ते अठरा वर्षे वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क कलम ३१ देते. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट या सवलतींचीही तरतूद आहे. मात्र त्या मिळवण्यासाठी प्रमाणपत्र लागते.

म्हणून पहिले पाऊल घरातूनच पडायला हवे. शासकीय रुग्णालयात तपासणी करून प्रमाणपत्र व यूडीआयडी कार्ड घ्यावे. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच जपून ठेवावी. अर्जात चार गोष्टी विचाराव्यात. विशेष शिक्षक भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणीकृत आहेत का? ते कोणत्या दिवशी, किती वेळ येतील? मुलासाठी वैयक्तिक शिक्षण योजना लेखी झाली आहे का? आणि ते नसतील त्या दिवशी वर्गशिक्षकांनी काय करायचे आहे? हा चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण मुलाचा बहुतेक वेळ वर्गशिक्षकांबरोबरच जातो.

उत्तर न मिळाल्यास जिल्हा शिक्षण कार्यालयात जावे. दिव्यांग मुलांचे प्रवेश व सुविधा पाहण्यासाठी तेथे एक नोडल अधिकारी असावा, असे २०१७ चे नियम सांगतात. त्यानंतरचा मार्ग पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे जातो. एकट्या पालकाने जाण्यापेक्षा त्याच शाळेतील चार पालकांनी मिळून जावे. चार अर्ज एकत्र आले की गरज कोणालाही नाकारता येत नाही.

त्या आईने अखेर अर्ज दिला. प्रमाणपत्रासाठी रुग्णालयात जाताना सासूबाई स्वतः नातवाचा हात धरून बरोबर गेल्या. विशेष शिक्षिका आता आठवड्यातून एकदा येतात. एक दिवस पुरेसा नाही, हे आई जाणते. परंतु त्यांनी वर्गशिक्षिकेला एक साधी युक्ती दिली. मुलाची जागा खिडकीपासून दूर, भिंतीलगत केली आणि दिवसाचे वेळापत्रक चित्रांनी काढून बाकावर चिकटवले. गोंगाट झाला की मुलगा आता त्या चित्रांवर बोट ठेवून मधल्या सुट्टीला किती तास उरले ते मोजतो.

आत्याचे स्थळ पाहायला पाहुणे आले, त्या दिवशीही तो आतल्या खोलीत नव्हता. बैठकीत आजीशेजारी बसला होता.