आवडतं स्टेडियम, नावडतं स्टेडियम

क्रिकेटवाल्या मंडळींमध्ये एक खेळ कधीच जुना होत नाही. तुझं आवडतं स्टेडियम कोणतं, आणि नावडतं कोणतं? मग कोणी लॉर्ड्सचा उतार काढतो, कोणी धरमशालाचे डोंगर. आम्हा खान्देशवाल्यांचं थोडं वेगळं आहे. आमच्या घराजवळ एकही आंतरराष्ट्रीय स्टेडियम नाही. जळगाव स्टेशन रेल्वेने मुंबईपासून साधारण ४२० किलोमीटर आणि नागपूरपासूनही जवळजवळ तेवढंच. म्हणजे बरोब्बर मध्यात, आणि दोन्हीकडून सारखेच लांब! धुळेकरांना इंदूर त्यातल्या त्यात जवळ, तरी अडीचशे किलोमीटर आहेच. त्यामुळे मॅच बघायला जायचं म्हणजे आमच्यासाठी संध्याकाळचा फेरफटका नसतो, ती यात्रा असते. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, रात्रीची गाडी, सगळं आलं.

म्हणून मी स्टेडियमला मार्क देताना पिच, आउटफिल्ड, ड्रेसिंग रूम वगैरे बघत नाही. ते बघायला मोठमोठी माणसं आहेत. माझे प्रश्न साधे आहेत. गाडीतून उतरलेल्या माणसाला तिथे आपल्या पायाने पोचता येतं का? डोक्यावर सावली आहे का? प्यायला पाणी आहे का? बाईमाणसाला स्वच्छतागृह आहे का? आणि मॅच संपल्यावर रात्री परत कसं यायचं?

या हिशेबाने माझा पहिला नंबर वानखेडेचा. हो, माहितीये, मुंबईचं कौतुक आम्ही कशाला करायचं! पण दादरला उतरा, पश्चिम रेल्वेची लोकल धरा, चर्चगेट किंवा मरीन लाइन्सला उतरा आणि गर्दीच्या मागे चालत सुटा. रस्ता विचारावा लागत नाही. रूळ स्टेडियमच्या इतके शेजारून जातात की जाणाऱ्या लोकलचा आवाज मॅचमध्ये मिसळतो. मॅच संपली की दोन स्टेशनं गर्दी वाटून घेतात. २०११च्या वर्ल्ड कपसाठी नूतनीकरण झालं तेव्हा नवं छप्पर आलं, आसनं कमी होऊन साधारण ३३ हजारांवर आली, पण मुख्य म्हणजे स्टेडियम हललं नाही. जागेवरच राहिलं. याला मी शहाणपणा म्हणतो.

आता वानखेडेची दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल हा मुंबईवाल्यांचा एजंट झाला. हे स्टेडियम मुळात जन्माला आलं ते तिकिटांच्या भांडणातून. पूर्वी मुंबईत कसोटी सामने व्हायचे ते १९३७ साली उभ्या राहिलेल्या ब्रेबॉर्नवर, आणि ते होतं क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं. क्लब आणि मुंबई क्रिकेट असोसिएशन यांच्यात सामन्यांच्या जागांवरून वाद विकोपाला गेला. शेवटी असोसिएशनने शेषराव वानखेडे यांच्या पुढाकाराने हाकेच्या अंतरावर आपलं वेगळं स्टेडियमच बांधून टाकलं. १९७५च्या जानेवारीत तिथे पहिली कसोटी झाली, क्लाइव्ह लॉइडने नाबाद २४२ काढले. गंमत बघा, जागा मिळत नाहीत म्हणून बांधलेल्या त्याच स्टेडियमवर २ एप्रिल २०११ची फायनल झाली, तेव्हा सर्वसामान्यांना विकायला जेमतेम चार हजार तिकिटं ठेवल्याच्या बातम्या आल्या होत्या. बाकीची क्लब, पदाधिकारी, प्रायोजक अशी वाटली गेली. धोनीचा तो सिक्सर आम्ही जळगावात टीव्हीवरच पाहिला. स्टेडियम चालत जाण्याइतकं जवळ असून काय उपयोग, हातात तिकीट नसेल तर? म्हणून वानखेडेला दहापैकी दहा नाही, आठ.

दुसरा नंबर नेरूळच्या डी. वाय. पाटीलचा. आमच्याकडची गाडी ठाण्याला थांबते, ठाण्याहून ट्रान्स हार्बरची लोकल नेरूळला सोडते. दादरची चेंगराचेंगरी नाही. आत गेलं की छप्पर असं टांगलेलं आहे की मध्ये एक खांब येत नाही. २३ ऑक्टोबर २०२५ला भाऊबीज होती आणि त्याच दिवशी तिथे महिला वर्ल्ड कपची भारत-न्यूझीलंड मॅच. या वर्ल्ड कपची तिकिटं शंभर रुपयांपासून होती. यंदा ओवाळणीत साडी नको, मॅच दाखव, असं ताईनेच सांगितलं. ताई, भाची आणि मी गेलो. स्मृती मानधना १०९, प्रतिका रावल १२२! मध्ये पाऊस आला, पण डोक्यावर छप्पर होतं. भाची मला म्हणाली, “मामा, इथे आपल्यासारख्या किती मुली आहेत!” मी तोपर्यंत स्कोअरबोर्डच बघत होतो. मग मान वळवून पाहिलं तर खरंच, रांगाच्या रांगा मुलींच्या. स्वस्त तिकीट, लोकलचं स्टेशन आणि रात्रीही माणसांचा राबता असलेला रस्ता, एवढं जमलं की घरच्या बाया मॅचला येतात. दहा दिवसांनी, २ नोव्हेंबरला, याच मैदानावर भारताने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून वर्ल्ड कप जिंकला. तो आम्ही घरी बघितला, पण भाची प्रत्येक स्टँड ओळखत होती.

तिसरं आमच्या धुळ्याच्या मामांचं लाडकं, इंदूरचं होळकर स्टेडियम. शिरपूर, सेंधवा करत मामा आग्रा रोडने सरळ जाणार. ८ डिसेंबर २०११ला सेहवागने वेस्ट इंडिजविरुद्ध २१९ काढले ते इथेच, आणि २०१७च्या डिसेंबरात रोहित शर्माने श्रीलंकेविरुद्ध ३५ चेंडूंत शतक ठोकलं तेही इथेच. बाउंड्री लहान, बॉलरची दैना! पण स्टेडियम शहराच्या आत आहे, आणि मॅच संपल्यावर सराफ्यात जाऊन खाता येतं. मामांच्या मते हा गुण द्विशतकापेक्षा मोठा. (याच इंदूरच्या जुन्या नेहरू स्टेडियमवर १९९७च्या नाताळात भारत-श्रीलंका मॅच पिच धोकादायक म्हणून तीन ओव्हरमध्ये बंद पडली होती. तो विषय मामांपुढे काढायचा नाही.)

आता नावडतं. पुणेकर नातेवाइकांनी कृपया राग मानू नये. माझ्या यादीत सगळ्यात खाली गहुंजे आहे.

दिसायला स्टेडियम देखणं आहे, यात वाद नाही. ब्रिटनच्या हॉपकिन्स यांच्या कंपनीने आराखडा केला, आजूबाजूला डोंगर, २०१९मध्ये कोहलीने इथेच नाबाद २५४ केले. पण ते आहे एक्सप्रेस वेच्या कडेला. स्टेडियम उभं करतानाच गृहीत धरलंय की येणाऱ्याकडे मोटार असणार. जळगावहून महाराष्ट्र एक्सप्रेसने पुण्याला उतरलेल्या माणसाने काय करायचं? लोणावळ्याची लोकल पकडा, देहूरोड नाहीतर बेगडेवाडीला उतरा, पुढे रिक्षा शोधा. रात्री परत येताना तीच कसरत उलटी. आमच्या मामांचा एका वाक्यात निकाल, “तठे जावाले गाडी लागस, भो.”

त्यात प्रेक्षकांच्या बऱ्याच मोठ्या भागावर छप्पर नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यूझीलंडविरुद्धच्या कसोटीच्या पहिल्याच दिवशी उन्हात बसलेल्या प्रेक्षकांचं प्यायचं पाणी संपलं. लोकांनी घोषणा दिल्या, संघटनेला जाहीर माफी मागावी लागली. बाहेरची बाटली आत नेऊ द्यायची नाही आणि आत पाणी नाही, मग माणसाने करायचं काय? त्या मॅचमध्ये सँटनरने १३ विकेट काढल्या आणि भारत बारा वर्षांनी घरच्या मैदानावर मालिका हरला. पेपरात त्याचीच चर्चा झाली. माझ्या लेखी पाण्याची बातमी जास्त मोठी होती.

आणि पुण्याकडे शहरातलं स्टेडियम नव्हतं असंही नाही. स्वारगेटजवळच्या नेहरू स्टेडियमवर २९ फेब्रुवारी १९९६ला केनियाने वेस्ट इंडिजला ९३ धावांत गुंडाळलं होतं. नागपूरचंही तसंच. सिव्हिल लाइन्सच्या जुन्या मैदानावर १९८७च्या वर्ल्ड कपमध्ये चेतन शर्माची हॅटट्रिक आणि गावसकरचं वनडेतलं एकमेव शतक एकाच दिवशी झालं. मग २००८पासून सगळं वर्धा रोडवर शहराबाहेरच्या जामठ्याला. त्या मैदानावरची पहिलीच कसोटी ही गांगुलीची शेवटची कसोटी होती.

इथे कोणी म्हणेल, अरे, जुनी मैदानं काय सुरक्षित होती? रास्त प्रश्न आहे. १९९५मध्ये नागपूरच्या त्याच जुन्या मैदानावर भारत-न्यूझीलंड मॅचच्या दिवशी स्टँडची भिंत पडून प्रेक्षक दगावले. जून २०२५ मध्ये बंगळूरच्या चिन्नास्वामीबाहेर, अगदी शहराच्या मध्यात, विजयोत्सवाच्या गर्दीत अकरा जीव गेले. शहरात असलं की सगळं छान, असं मी म्हणतच नाही. पण भिंत पडते ती बांधकामातल्या हयगयीने आणि चेंगराचेंगरी होते ती नियोजन नसल्याने. दोन्हीचं औषध स्टेडियम माळरानावर नेणं हे नाही. माळरानावर नेलं की गर्दी सुरक्षित होत नाही, फक्त मोटारवाल्यांची होते.

आणि मुळात प्रेक्षक हा संशयित आहे, ही समजूत आधी जायला हवी. एका स्टेडियमच्या (नाव घेत नाही) गेटवर माझ्या पिशवीतली केळी काढून घेतली होती. जळगावची केळी! फेकून मारण्याची वस्तू म्हणून! आत तासाभराने पाव किंमतीच्या चवीचा वडापाव चौपट पैशांत घेतला. असो.

हे सगळं जळगाव-धुळ्याशी काय देणंघेणं, असं वाटेल. आहे. अधूनमधून कोणीतरी इथेही मोठ्ठं स्टेडियम हवं असं बोलतो. मला विचाराल तर नको. ते हायवेवरच होणार आणि वर्षातले तीनशे दिवस कुलूपबंद राहणार. जळगावात शिवतीर्थ आहे, सागर पार्क आहे, धुळ्यात गरुड मैदान आहे. ही मैदानं गावाच्या आत आहेत, पोरं सायकलवर येतात. तिथे सभा होतात, प्रदर्शनं भरतात, त्यातून उरलेल्या दिवसांत क्रिकेट. उन्हाळ्यात पारा ४४-४५ वर जातो तेव्हा तिथल्या टुर्नामेंटची फायनल लोक उभ्याने बघतात.

मला तिथे एका बाजूला पक्कं छप्पर, चार पायऱ्या, पाण्याचे नळ आणि मुलींसाठी कुलूप न लावलेलं स्वच्छतागृह हवंय. बस्स. भाचीला आता खेळायचंय, नुसतं बघायचं नाही. तिला गहुंजेचे डोंगर आणि वानखेडेचा समुद्र वर्षातून एखाद वेळी पुरे आहेत. सावली मात्र तिला रोज संध्याकाळी चार वाजता लागणार आहे, घरापासून सायकलने दहा मिनिटांवर.