याला मार्केट नाही

पुण्यातल्या नाणी-पदकं जमवणाऱ्या मंडळींशी माझं भांडण आहे, आणि ते चारचौघांतच करायला हवं.

६ डिसेंबर २०१५ला केंद्र सरकारनं बाबासाहेबांच्या १२५व्या जयंतीवर्षानिमित्त दोन नाणी काढली. एक १० रुपयांचं, दुसरं १२५ रुपयांचं. दुसरं व्यवहारात फिरण्यासाठी नव्हतंच. निम्मी चांदी, ३५ ग्रॅम वजन, संग्राहकांनी पेटीसकट विकत घ्यायचं. त्याला उघड्या बोटांनी धरायचं नाही, कारण ठसा उमटला की भाव पडतो. जो माणूस आयुष्यभर अस्पृश्यतेशी लढला, त्याच्या सन्मानाचं नाणं स्पर्श न करता जपायचं! हा विनोद आपल्या एकाही संग्राहकाच्या लक्षात येत नाही, याचंच मला जास्त नवल वाटतं.

आता दुसरी वस्तू. पत्र्याची गोल चकती, त्यावर निळ्या कोटातले बाबासाहेब, वरून पारदर्शक प्लास्टिक, मागे टाचणी, खाली निळी फीत. चैत्यभूमीवर ६ डिसेंबरला, पेरणे फाट्याच्या जयस्तंभापाशी १ जानेवारीला, पुणे स्टेशनजवळच्या पुतळ्यापाशी १४ एप्रिलला हे बिल्ले चादरीवर मांडलेले असतात. ही पदकं कुठल्याही सरकारनं बहाल केलेली नाहीत. लोकांनी आपल्या पैशांनी घेऊन आपल्याच छातीवर लावलेली आहेत.

माझ्या आजीच्या डब्यात असे अकरा बिल्ले आहेत. प्रत्येक वेगळ्या वर्षाचा. "हा नामांतर झालं त्या सालचा, गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती," असं तिला बोट ठेवून सांगता येतं. एका डीलरला फोटो दाखवले. "याला मार्केट नाही," तो म्हणाला आणि मला १८९७चं व्हिक्टोरियाच्या हीरक महोत्सवाचं पदक दाखवू लागला. मखमली पेटीत होतं. त्याच महोत्सवाच्या रात्री, २२ जूनला, गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांनी रँडवर गोळी झाडली होती. त्याच शहरात आज राणीला मखमल आणि आजीच्या बिल्ल्याला काहीच नाही.

बरं, हे "मार्केट" ठरवतं कोण? ग्रेडिंगची पट्टी १ ते ७० अशी असते. जितकं कमी वापरलेलं, तितके गुण जास्त. १९९०मध्ये जन्मशताब्दीनिमित्त बाबासाहेबांचं एक रुपयाचं नाणं निघालं, ते मात्र खरोखर बाजारात फिरलं. आमच्या एका मावशीनं त्याला डाख देऊन कडी लावून घेतली आणि काळ्या दोऱ्यात गळ्यात घातलं. पट्टीच्या भाषेत हे "डॅमेज्ड". माझ्या मते त्या नाण्याला इतिहास आहे तो त्या डाखाच्या डागामुळेच. त्याशिवायचा रुपया म्हणजे टांकसाळीचा माल. आमच्या धंद्यात असं म्हणता येईल की तुम्ही रिकामी फाइल जपून ठेवताय आणि लॉग डिलीट करताय.

"पत्र्याच्या चकत्या काय जमवायच्या?" असं विचारणाऱ्यांनी बाजीराव रस्त्यावरच्या केळकर संग्रहालयात जाऊन यावं. दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, दौती, घरातल्या रोजच्या वापरातल्या वस्तू जमवल्या. अडकित्त्याला तरी तेव्हा कुठे मार्केट होतं? सेनापती बापट रस्त्यावर सिम्बायोसिसच्या संग्रहालयात बाबासाहेबांच्या वस्तू जपल्या आहेत, त्या पाहाच. पण बाबासाहेबांना छातीवर लावून फिरणाऱ्यांच्या वस्तू कोण जपणार? २७ जुलै १९७८ला विधिमंडळात नामांतराचा ठराव झाला, १४ जानेवारी १९९४ला नामविस्तार झाला. मधल्या सोळा वर्षांत लोकांच्या शर्टावर कुठले बिल्ले होते? त्यावर चित्र कुणाचं, घोषणा कुठली, छापून कुठून यायचे? बुद्ध आणि बाबासाहेब एकाच चकतीवर कधीपासून आले? २५ डिसेंबर १९५४ला बाबासाहेबांनी देहूरोडला बुद्धमूर्ती बसवली, तिथल्या गर्दीत कुणाच्या अंगावर काही होतं का? ही उत्तरं चांदीच्या नाण्यात सापडणार नाहीत. ती पत्र्याच्या डब्यांत आणि सत्तरी-ऐंशीच्या माणसांच्या आठवणीत आहेत.

एक आक्षेप मला मान्य आहे. उद्या संग्राहक खरंच बिल्ल्यांमागे लागले, तर वस्तीवस्तीत फिरून दहा-वीस रुपयांत ते उचलतील आणि श्रद्धेचा माल होईल. म्हणून माझं म्हणणं विकत घ्या असं नाहीच. बिल्ला ज्याचा, त्याच्याच घरात राहू दे. तुमच्या खिशात कॅमेरा आहे, रेकॉर्डर आहे. पुढून एक फोटो, मागून एक. टाचणीची बाजू विसरू नका, छापणाऱ्याचं नाव असलंच तर तिथं किंवा कडेवर असतं. मग विचारा: कुठे घेतला, कुठल्या साली, सोबत कोण होतं, किती पैसे पडले. आवाज रेकॉर्ड करताना परवानगी घ्या आणि त्याची एक प्रत त्यांच्या नातवंडांनाही पाठवा.

आणि गंज चढलेला असेल तर चढू द्या. चिंच, लिंबू, ब्रासो यातलं काहीही लावायचं नाही. फीत तर धुवायचीच नाही, कच्चा निळा रंग पहिल्याच पाण्यात जातो.