विजेचा नकाशा आणि घरचीं माणसें

नव्या घराचा नकाशा आला म्हणजे सारें कुटुंब त्याभोंवतीं जमतें. वडीलधारी मंडळी देवघराची दिशा पाहतात, गृहिणी ओट्याची लांबी विचारते, मुलें आपली खोली कोणती म्हणून भांडतात. त्याच भेंडोळ्यांत आणखी एक कागद असतो. त्यावर वर्तुळें, अर्धवर्तुळें, तुटक रेघा आणि मधून मधून आंकडे. हा विजेचा नकाशा. “तें वायरमन पाहील” असें म्हणून तो बहुधा घडी घालून बाजूला ठेवला जातो. आमच्या मतें सर्वांत अगोदर उलगडावयाचा कागद तोच. कपाट चुकीच्या जागीं ठेवलें तर सरकवितां येतें. स्लॅबमध्यें गाडलेली नळी सरकवितां येत नाहीं.

स्लॅब ओतण्यापूर्वीं सळयांच्या जाळीवर पी.व्ही.सी. नळ्या बांधतात, पंख्यांचे व दिव्यांचे डबे बसवितात, आणि मग काँक्रीट पडतें. त्यानंतर एखादा दिवा हवासा वाटला, तर गवंड्याला छन्नी-हातोडा घ्यावा लागतो. स्लॅब फोडणें सळयांना अपायकारक, आणि भिंतींत लांब आडवी झिरी काढणें भिंतीला अपायकारक. तेव्हां घरच्या मंडळींचा विचार स्लॅबच्या आधीं कागदावर उतरला पाहिजे. आणि तो उतरला कीं नाहीं हें समजावयास तो कागद वाचतां आला पाहिजे. ही विद्या वाटते तितकी दुर्घट नाहीं.

आम्हीं आयुष्य संस्कृत शिकविण्यांत घालविलें. त्या अनुभवावरून सांगतों कीं, हा कागद सूत्रग्रंथासारखा वाचावा. पाणिनीनें व्याकरणास आरंभ केला तो संज्ञा ठरवून; नियम मागाहून. नकाशाच्या एका कोपऱ्यांत चिन्हांची सूची असते, तें त्याचें संज्ञाप्रकरण होय. बहुतेक नकाशांत वर्तुळांतील फुली म्हणजे दिवा, अर्धवर्तुळ म्हणजे सॉकेट, आणि लहानशा वर्तुळांतून निघालेली तिरपी रेघ म्हणजे स्विच. या चिन्हांसंबंधीं भारतीय मानकें आहेत. तरी प्रत्येक आरेखकाच्या हातचे थोडेफार भेद असतातच. म्हणून स्मरणावर न विसंबतां सूची पाहावी. नंतर पदच्छेद, म्हणजे एकेक खोली घेऊन तींतील दिवे, पंखे व सॉकेटें मोजावीं. मग अन्वय, म्हणजे कोणता दिवा कोणत्या स्विचाचा, हें तुटक वक्र रेघेवरून जुळवावें. दिवा आहे पण त्याचा स्विच सांपडत नाहीं, किंवा स्विच आहे पण तो कशाचा हें कळत नाहीं, असें आढळलें तर कर्त्यावांचूनचें क्रियापद आढळल्याप्रमाणें थांबावें आणि आरेखकास विचारावें.

नवशिक्याचे येथें दोन गैरसमज होतात. पहिला असा कीं, ती तुटक रेघ म्हणजे तारेचा प्रत्यक्ष मार्ग. तसें नव्हे, ती केवळ दिवा व स्विच यांचा संबंध दाखविते. दुसरा असा कीं, कागदावर सर्व कांहीं दिसतें. नकाशा म्हणजे वरून खालीं पाहिलेलें घर. त्यांत उंची दिसत नाहीं. ओट्यावरील मिक्सरचें सॉकेट आणि जमिनीलगतचें सॉकेट यांचें चिन्ह एकच. म्हणून प्रत्येक चिन्हाशेजारीं जमिनीपासूनची उंची लिहिलेली आहे काय, हें पाहावें; नसेल तर लिहवून घ्यावी. तसेंच दार कोणीकडे उघडतें हें दाखविणारी कमानीसारखी रेघ पाहावी. स्विच बिजागरीच्या बाजूस असला तर उघड्या दारामागें झांकला जातो. तो कडीच्या बाजूस हवा.

वाचन पक्कें होतें तें लेखनानें. चौकटींच्या वहीचें एक पान घ्यावें आणि राहत्या घरांतील एकच खोली काढावी. प्रमाण १:५० धरलें म्हणजे ४ मीटर लांब व ३ मीटर रुंद खोली कागदावर ८ सेंटिमीटर व ६ सेंटिमीटर होते. प्रथम भिंती, दारें, खिडक्या. मग पेन्सिलीनें पलंग, कपाट व मेज. आणि सर्वांच्या शेवटीं शाईनें दिवे, स्विच व सॉकेटें. हा क्रम मोडूं नये. कपाटामागें दडलेलें सॉकेट असलेलीं घरें आपण सर्वांनींच पाहिलीं आहेत; तेथें स्विच आधीं काढले गेले आणि कपाट मागाहून आलें.

खोली साधली कीं जिना काढावा. जिन्याच्या दिव्याला खालीं एक व वर एक असे दोन टू-वे स्विच लागतात, आणि त्या दोहोंमध्यें दोन तारा धांवतात. हीच योजना शयनगृहांत करावी. एक स्विच दाराशीं, दुसरा पलंगाच्या उशाशीं. रात्रीं उठणाऱ्या आजीबाईंना मग अंधारांत भिंत चांचपावी लागत नाहीं. म्हातारपणीं खुब्याचें हाड मोडलें म्हणजे त्या घरावर काय प्रसंग येतो, हें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांना त्या दोन तारांची किंमत अधिक वाटणार नाहीं.

पुढील धडा गणिताचा. परंतु तो साध्या भागाकाराचा आहे. उपकरणाच्या वॅटांस व्होल्टांनीं भागिलें कीं सुमारें किती अँपिअर प्रवाह लागेल तें समजतें. आपल्याकडील घरगुती दाब २३० व्होल्ट. नऊ वॅटचे दहा एल.ई.डी. दिवे मिळून ९० वॅट, म्हणजे अर्ध्या अँपिअरहूनही कमी. एकटा २००० वॅटचा गीझर सुमारें ८.७ अँपिअर घेतो. वायरमनच्या भाषेंत मात्र दिवा एक पॉइंट आणि गीझरही एक पॉइंट. म्हणून नुसते पॉइंट मोजून भागत नाहीं. रूढ दंडक असा कीं, दिव्या-पंख्यांच्या एका सर्किटावर दहांहून अधिक पॉइंट किंवा ८०० वॅटांहून अधिक भार नसावा. गीझर, इंडक्शन शेगडी व एअर कंडिशनर यांना प्रत्येकीं स्वतंत्र सर्किट असावें. समजा, एकाच १६ अँपिअरच्या सर्किटावर सकाळच्या घाईंत २००० वॅटची शेगडी, १५०० वॅटची पाण्याची किटली आणि १२०० वॅटचा मायक्रोवेव्ह एकदम चालूं लागलीं. बेरीज ४७०० वॅट, म्हणजे २० अँपिअरांहून अधिक. थोड्या वेळानें एम.सी.बी.चा खटका पडतो. तो वारंवार पडतो म्हणून मोठ्या आंकड्याचा एम.सी.बी. बसवून घेणारे महाभागही असतात. मग खटका पडत नाहीं, पण भिंतीच्या आंत तार तापत राहते.

नकाशाबरोबर एक एकरेषी आराखडाही असतो. मीटर, मुख्य स्विच, वितरणाची पेटी आणि तेथून फुटणारीं सर्किटें असा वंशवृक्षच तो. हा आराखडा घरच्या कर्त्या माणसानें अवश्य वाचावा, कारण येथें प्राणाचा प्रश्न आहे. एम.सी.बी. हा तारेचा रक्षक. मनुष्याच्या अंगांतून जाणारा प्रवाह त्याच्या दृष्टीनें नगण्य असतो. त्यासाठीं आर.सी.सी.बी. हें निराळें उपकरण लागतें. घरगुती उपयोगाचें हें उपकरण ३० मिलिअँपिअरची गळती झाली तरी प्रवाह तोडतें, आणि ३० मिलिअँपिअर म्हणजे १६ अँपिअरांच्या पांचशेव्या भागाहूनही कमी. तें आराखड्यांत आहे काय, हा पहिला प्रश्न. प्रत्येक सॉकेटापर्यंत अर्थिंगची हिरवी तार नेली आहे काय, हा दुसरा. स्विच फेजच्या तारेवर असतील अशी टीप कागदावर आहे काय, हा तिसरा. स्विच न्यूट्रलवर असला तरी दिवा मालवतोच. परंतु होल्डरमध्यें वीज तशीच उभी असते. बल्ब बदलतांना धक्का बसलेला मुलगा “मीं स्विच बंद केला होता” म्हणतो, तेव्हां तो खोटें बोलत नसतो.

येथें एक मर्यादा सांगितली पाहिजे. पथ्यापथ्य जाणणारा गृहस्थ वैद्य होत नाहीं. तसाच नकाशा वाचणारा वायरमन होत नाहीं. वीजतंत्रीचा आय.टी.आय.मधील अभ्यासक्रमच दोन वर्षांचा आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०२३ सालचे सुरक्षाविषयक नियम आहेत, आणि वायरिंगसंबंधींच्या भारतीय मानक ७३२ ची सुधारित आवृत्ति २०१९ सालीं निघालेली आहे. काम परवानाधारक कंत्राटदाराकडूनच करवावें. आपलें काम नीट प्रश्न विचारण्याचें.

आणि ते प्रश्न एकट्या कर्त्या पुरुषाला सुचणारे नाहींत. स्लॅबपूर्वीं एखाद्या रविवारीं नकाशाची प्रत सर्वांसमोर पसरावी. मिक्सर कोठें फिरतो हें सूनबाईंना विचारावें, अभ्यासाचा दिवा कोणत्या हाताला हवा हें मुलांना, आणि रात्रीं किती वेळां उठावें लागतें हें आजोबांना संकोच न करितां विचारावें. प्रत्येकाचें म्हणणें लाल पेन्सिलीनें खोलीच्या जागीं लिहून ती प्रत आरेखकाकडे परत पाठवावी.

घर पुरें झालें म्हणजे प्रत्यक्ष झालेल्या कामाप्रमाणें दुरुस्त केलेला नकाशा मागून घ्यावा. गिलावा होण्यापूर्वीं नळ्या उघड्या असतांना प्रत्येक भिंतीचें छायाचित्र काढून ठेवावें, आणि हीं दोन्हीं घराच्या खरेदीखताबरोबर जपावीं. दहा वर्षांनीं वडिलांची तसबीर लावण्यासाठीं खिळा कोठें ठोकावा, हें तो कागद सांगेल. तोंवर एवढें तरी लक्षांत असावें कीं, स्विचबोर्डाच्या नेमका वर किंवा खालीं खिळा ठोकूं नये; नळी बहुधा तेथूनच जाते.

नळाच्या पाण्याचा नकाशाही याच रीतीनें वाचतां येतो. त्याविषयीं पुढील अंकीं.