विश्लेषण : एचपीव्ही लस मुलीला द्यावी का? दुष्परिणामांची भीती किती खरी, किती ऐकीव?

मुलगी दहा-बारा वर्षांची झाली की बालरोगतज्ज्ञ हमखास विचारतात, ‘एचपीव्हीची लस दिली का?’ बोळिंजच्या म्हाडा वसाहतीत किंवा विरार-वसईच्या कुठल्याही सोसायटीत हा प्रश्न घरी पोहोचतो, तेव्हा त्यासोबत मोबाइलवरचे संदेशही येतात. या लशीने मुली दगावल्या, पुढे मूल होत नाही, हातपाय लुळे पडतात, असे त्यांत लिहिलेले असते. यातल्या काही गोष्टींना खऱ्या घटनांचा धागा आहे, काहींना अजिबात आधार नाही. दोन्ही वेगळे करून पाहिले तर निर्णय सोपा होतो.

एचपीव्ही म्हणजे काय?

ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस हा अतिशय सर्रास आढळणारा विषाणू आहे. तो मुख्यतः लैंगिक संबंधांतून पसरतो आणि बहुतेकांच्या शरीरातून एक-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. काही स्त्रियांमध्ये मात्र त्याचे घातक प्रकार ठाण मांडतात आणि दहा-वीस वर्षांत गर्भाशयमुखाचा कर्करोग होऊ शकतो. जगातील अशा सुमारे ७० टक्के कर्करोगांमागे १६ आणि १८ क्रमांकाचे प्रकार आहेत. ‘ग्लोबोकॅन’च्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना हा कर्करोग होतो आणि जवळपास ८० हजार जणी त्यात दगावतात.

लस लहान वयातच का?

लशीत जिवंत किंवा मृत विषाणू नसतो. विषाणूच्या बाहेरच्या कवचासारखे दिसणारे प्रथिन यीस्टसारख्या पेशींत तयार करून ते वापरले जाते. त्यात विषाणूचे जनुकीय द्रव्य नसल्याने लशीतून संसर्ग होऊच शकत नाही. शरीर मात्र ते कवच ओळखायला शिकते. आधीच झालेला संसर्ग लस बरा करत नाही. म्हणून विषाणूशी गाठ पडण्याआधी, म्हणजे ९ ते १४ या वयात ती देणे सर्वात फायद्याचे. १५ ते २६ वयाच्या तरुणींनाही ती घेता येते.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘सर्व्हाव्हॅक’ या पहिल्या भारतीय एचपीव्ही लशीला जुलै २०२२ मध्ये औषध महानियंत्रकांची मंजुरी मिळाली. तिच्या माहितीपत्रकानुसार ९ ते १४ वयात सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस आणि १५ ते २६ वयात तीन डोस द्यायचे असतात. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र डिसेंबर २०२२ मध्ये ९ ते २० वयोगटात एक डोसही चालेल, असे सांगितले. त्यामुळे सरकारी मोहीम आणि खासगी दवाखाना यांच्या सांगण्यात डोसांचा फरक दिसू शकतो.

नेहमीचे दुष्परिणाम कोणते?

सर्वाधिक तक्रार असते ती दंड दुखण्याची. सुई टोचल्याच्या जागी सूज किंवा लाली येते. काहींना ताप, डोकेदुखी, मळमळ, अंगदुखी, थकवा जाणवतो. हे बहुधा दोन-तीन दिवसांत ओसरते.

दुसरा दुष्परिणाम म्हणजे चक्कर येऊन पडणे. किशोरवयात कोणतीही सुई घेताना, विशेषतः उपाशीपोटी किंवा घाबरलेल्या अवस्थेत, असे होते. इजा होते ती लशीने नव्हे, तर पडून डोक्याला मार बसल्याने. म्हणूनच लस बसून किंवा आडवे होऊन घ्यावी आणि नंतर किमान १५ मिनिटे तिथेच थांबावे.

तिसरा दुष्परिणाम दुर्मीळ पण गंभीर आहे. ती म्हणजे तीव्र ॲलर्जी. जागतिक आरोग्य संघटनेच्या लस सुरक्षा समितीने २०१७ मध्ये जगभरातील माहिती तपासली. त्यानुसार हे प्रमाण १० लाख डोसांमागे साधारण १.७ इतके आहे. ही ॲलर्जी सहसा काही मिनिटांतच दिसते आणि लगेच इंजेक्शन दिल्यास आटोक्यात येते. केंद्रावर थांबायला सांगतात त्याचे हे दुसरे कारण.

वंध्यत्व आणि लुळेपणाचे काय?

‘गियाँ बारे’ या मज्जातंतूंच्या आजाराशी लशीचा संबंध आहे का, हे याच समितीने तपासले. धोका वाढल्याचे आढळले नाही. वंध्यत्वाशीही संबंध दिसलेला नाही. उलट गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील उपचारांत गर्भाशय काढावे लागते किंवा किरणोपचार द्यावे लागतात, तेव्हा मातृत्वाची शक्यता बहुधा संपते.

२०१० मध्ये नेमके काय घडले?

‘मुली दगावल्या’ या संदेशाचे मूळ इथे आहे. २००९ मध्ये ‘पाथ’ या अमेरिकी संस्थेने तत्कालीन आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा जिल्ह्यांत मुलींना ही लस देण्याचा प्रकल्प सुरू केला. त्यानंतर सात मुलींचा मृत्यू झाल्याचे समोर आले आणि एप्रिल २०१० मध्ये सरकारने तो थांबवला. चौकशीत पाण्यात बुडणे, सर्पदंश, कीटकनाशक प्राशन, मलेरिया अशी कारणे पुढे आली. मृत्यूंचा लशीशी संबंध नसावा, असा समितीचा निष्कर्ष होता.

पण प्रकरण इथे संपत नाही. आंध्रातील तपासलेल्या ९,५४३ संमतीपत्रांपैकी २,७६३ पत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या होत्या आणि १,९४८ पत्रांवर केवळ अंगठे होते. दुष्परिणामांची नोंद ठेवणारी यंत्रणाही तोकडी होती. संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने ऑगस्ट २०१३ च्या अहवालात यावर कडक ताशेरे ओढले आणि मृत्यूंच्या चौकशीवरही प्रश्न उपस्थित केले. थोडक्यात, आक्षेप सिद्ध झाला तो लशीवरचा नव्हे, तर ती ज्या पद्धतीने दिली गेली त्यावरचा. पालकांना न विचारता दिलेल्या लशीवर विश्वास बसत नाही, आणि त्याची किंमत पुढची अनेक वर्षे मोजावी लागली.

बार्शी आणि पुण्याच्या मुलींनी काय शिकवले?

त्याच सुमारास आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा एक वेगळा अभ्यास देशातील अनेक केंद्रांवर सुरू होता. बार्शी आणि पुणे ही त्यातलीच केंद्रे. १० ते १८ वयाच्या मुलींना दोन किंवा तीन डोस द्यायचे ठरले होते. सरकारी आदेशामुळे लसीकरण अर्ध्यावर थांबले आणि सुमारे पाच हजार मुलींना एकच डोस मिळाला. संशोधकांनी त्यांचा पाठपुरावा सोडला नाही. २०२१ मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कोलॉजी’त दहा वर्षांचे निष्कर्ष आले. १६ आणि १८ प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून एका डोसने ९५.४ टक्के संरक्षण दिले, म्हणजे दोन-तीन डोसांच्या तोडीचे. एका डोसच्या जागतिक शिफारशीला बळ देणाऱ्या पुराव्यांत या मुलींचा वाटा मोठा आहे.

भीतीपोटी थांबल्यास काय होते?

जपानने जून २०१३ मध्ये दुष्परिणामांच्या बातम्यांनंतर या लशीची सक्रिय शिफारस थांबवली. सुमारे ७० टक्के असलेले लसीकरण एक टक्क्याखाली घसरले. पुढच्या तपासात लशीचा दोष सिद्ध झाला नाही आणि एप्रिल २०२२ मध्ये शिफारस पुन्हा सुरू झाली. मधल्या काळात मोठ्या झालेल्या मुली संरक्षणाविना राहिल्या. इंग्लंडमध्ये मात्र १२-१३ व्या वर्षी लस दिलेल्या पिढीत हा कर्करोग ८७ टक्क्यांनी घटला.

पालकांनी काय करावे?

शाळेतून संमतीपत्र आले तर वाचल्याशिवाय सही करू नये आणि वाचल्याशिवाय नकारही देऊ नये. लस कोणती, डोस किती, दुष्परिणाम झाल्यास कुणाला कळवायचे, हे विचारण्याचा हक्क पालकांना आहे. यीस्टची किंवा आधीच्या डोसची तीव्र ॲलर्जी असेल तर लस घेऊ नये. जास्त ताप असल्यास पुढे ढकलावी. गर्भवतींना ती देत नाहीत. रक्त न गोठण्याचा विकार असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे. मासिक पाळी सुरू असणे ही अडचण नाही. लशीनंतर काही विपरीत वाटल्यास आरोग्य केंद्राला कळवावे. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावरही करता येते.

लस घेतली तरी तिशीनंतरची तपासणी चुकवू नये, कारण लस सर्व घातक प्रकारांवर चालत नाही. आणि हिशेब दोन्ही बाजूंनी मांडावा. एका बाजूला दोन दिवसांची दंडदुखी आणि दहा लाख डोसांत एखाद-दुसरी तीव्र ॲलर्जी आहे. दुसऱ्या बाजूला किरणोपचारांसाठी आठवड्यातून पाच दिवस, सलग पाच-सहा आठवडे विरारहून परळच्या टाटा रुग्णालयापर्यंत लोकलने करावा लागणारा प्रवास.